जुगाडाला मुदत हवी

जुगाडाबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा. सायकलच्या चाकाला पास जोडून बैलाशिवाय डवरणी करणाऱ्या शेतकऱ्याचा व्हिडिओ फिरतो आणि शहरातले लोक ‘भारतीय डोके’ म्हणून टाळ्या वाजवतात. दुसरा तुच्छतेचा. तारेने बांधलेला सायलेन्सर किंवा पोत्याने अडवलेली गळती दिसली की ‘आपल्याकडे सगळे असेच’ असे म्हणून मान फिरवली जाते. माझ्या मते हे दोन्ही सूर उथळ आहेत, कारण दोघांचीही नजर जोडणी कशी दिसते यापलीकडे जात नाही. कामचलाऊ दुरुस्तीचे मोल तिच्या कारागिरीवरून ठरत नाही. तिचा शेवट ठरलेला आहे का, तिचा धोका कोणाच्या डोक्यावर आहे आणि तिने दाखवलेला मूळ दोष कोणी लिहून घेतला का, या तीन गोष्टींवरून ते ठरते. या कसोट्या लावल्या तर आज ज्याचे कौतुक होते त्यातले बरेचसे काळजीचे निघेल आणि ज्याची टिंगल होते त्यातले काही आदराचे. बुलढाणा जिल्ह्याच्या शेतशिवारातले आणि पाणीपुरवठ्यातले दाखले घेऊन हे दाखवता येते.

दोन शब्द, दोन प्रवृत्ती

इंग्रजीत कामचलाऊ जोडणीसाठी ‘ज्युरी-रिग’ असा शब्द आहे. कोर्टातल्या ज्युरीशी त्याचा संबंध नाही. तो दर्यावर्दी लोकांचा शब्द आहे. वादळात डोलकाठी मोडली की हाताशी असेल त्या लाकडाची तात्पुरती काठी उभारायची, तिच्यावर जमेल तेवढे शीड चढवायचे आणि बंदर गाठायचे. या काठीला ‘ज्युरी मास्ट’ म्हणत. कॅप्टन जॉन स्मिथ याच्या १६१६ सालच्या न्यू इंग्लंडच्या वर्णनात हा शब्द येतो. त्याच्या जहाजाच्या डोलकाठ्या वादळात गेल्या होत्या आणि अशाच काठीवर ते प्लिमथला परतले होते. शब्दातला ‘ज्युरी’ कुठून आला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मदत या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी काहीजण तो जोडतात.

इंग्रजीत दुसरा शब्द आहे ‘जेरी-बिल्ट’. हा एकोणिसाव्या शतकातला, जमिनीवरचा, घरबांधणीतला. हलका माल वापरून घाईने उभारलेली आणि पक्की म्हणून विकलेली घरे म्हणजे जेरी-बिल्ट घरे. महायुद्धात जर्मन सैनिकांना ‘जेरी’ म्हणत, त्यावरून तो आला हा समज टिकत नाही, कारण शब्द त्याआधीचा आहे. विसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्यांनीच या दोन शब्दांची सरमिसळ करून ‘जेरी-रिग’ असे तिसरेच रूप चालवले.

व्युत्पत्तीची गंमत म्हणून हे सांगत नाही. या सरमिसळीत एक खरा भेद बुडाला, आणि आपल्याकडे ‘जुगाड’ या हिंदीतून आलेल्या शब्दाने तोच भेद बुडवला आहे. पहिल्या प्रकारात करणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते की हे तात्पुरते आहे. बंदर आले की काठी उतरवायची. दुसऱ्या प्रकारात कच्चे काम पक्के म्हणून खपवलेले असते. पहिल्यात संकटाशी झुंज आहे, दुसऱ्यात फसवणूक. या दोघांच्या मधे एक तिसरा प्रकारही आहे आणि आपल्या सार्वजनिक जीवनात त्याचाच सुळसुळाट फार आहे. प्रामाणिकपणे तात्पुरती म्हणून उभारलेली काठी, जी बंदराकडे जाणेच विसरली.

डीपीवरचा प्रयोग

हा तिसरा प्रकार समजून घ्यायला शेतातल्या ‘ऑटो’सारखे उदाहरण नाही. कृषिपंपाच्या स्टार्टरची रचना अशी असते की वीज गेली की तो सुटतो आणि वीज परत आल्यावर कोणीतरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे. मोटर आणि माणूस दोघांच्या सुरक्षेसाठी आहे. पण शेतीला वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रब्बीत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायचे तर मध्यरात्री विहिरीवर जावे लागते. वाटेत साप, रानडुक्कर. ज्ञानगंगा अभयारण्याला लागून ज्यांची शेते आहेत त्यांना अस्वलाचीही धास्ती. अशा वेळी वीज येताच आपोआप बटण दाबणारा एक छोटा स्विच, म्हणजेच ऑटो, बाजारात मिळत असेल, तर तो बसवणारा शेतकरी आळशी ठरत नाही. तो शहाणा आहे. त्याच्या जागी कोणीही तेच करील.

आता याच शहाणपणाची बेरीज करू. समजा, १०० केव्हीएच्या एका रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे २० पंप आहेत. एका पंपाला साधारण पावणेचार किलोवॉट, म्हणजे सगळ्यांचे मिळून सुमारे ७५ किलोवॉट. पंपांची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला तर सगळे सुरळीत चालू असतानाच रोहित्र काठोकाठ भरलेले आहे. परंतु मोटर सुरू होताना पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढते. माणसे एकेक करून बटण दाबत होती तेव्हा हा धक्का विभागला जाई. वीसही पंपांना ऑटो लागला की वीज येण्याच्या एकाच क्षणी वीसही मोटरी एकदम उठायला बघतात. व्होल्टेज कोसळते. कोसळल्यामुळे मोटरी उठत नाहीत, उठत नाहीत म्हणून जास्त प्रवाह ओढत राहतात. आधी कोणाची तरी वाइंडिंग जळते, मग केव्हातरी रोहित्र. गावच्या भाषेत, डीपी जळाली. ऐन पाळीच्या वेळी पीक आठवडाभर कोरडे. मग वर्गणी, ट्रॅक्टर, खेटे. महावितरण दरवर्षी आवाहन करते की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. आवाहनातले तंत्र अगदी बरोबर आहे. कपॅसिटरने प्रवाह खरोखर कमी होतो. तरी ऑटो निघत नाहीत, कारण मी एकट्याने काढला तर रात्री विहिरीवर मी जाणार आणि डीपी मात्र इतरांच्या ऑटोमुळे जळणारच.

पुढची पायरी आणखी वाईट. डीपीवरचा डिओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, वारंवार उडतो म्हणून फ्यूजच्या जागी जाड तार लावली जाते. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. बाकीचे वाचावे म्हणून तिने आधी जळायचे असते. जाड तार लावली की ती जागा नाहीशी होते आणि जळण्याची पाळी रोहित्रावर किंवा वायरमनची वाट न पाहता खांबावर चढलेल्या पोरावर येते.

एका जुगाडाने दुसरा जुगाड अटळ केला आणि दुसऱ्याने जिवाशी गाठ घातली. या साखळीत मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी बुद्धीचाच वापर केला आहे. म्हणूनच जुगाडाची चर्चा व्यक्तीच्या कल्पकतेपाशी थांबवणे मला उथळ वाटते. खरा प्रश्न साखळीच्या पहिल्या कडीपाशी आहे, तो म्हणजे शेतीला वीज रात्री का? दिवसा भरवशाची वीज मिळाली तर ऑटोची गरजच उरत नाही. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना २०२४ साली. या योजनांचे यश किती पॅनेल बसले यापेक्षा किती ऑटो आपोआप निघाले यावरून मोजले, तर ते मोजमाप अधिक खरे ठरेल.

पहिली कसोटी: मुदत

पावसाळा संपत आला की गावोगावी नाल्यांवर वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची, नाल्यात आडव्या रचायच्या. श्रमदानाने एका दिवसात होणारे काम. दिसायला याइतके कामचलाऊ बांधकाम दुसरे नसेल. तरीही या लेखातल्या तिन्ही कसोट्यांना ते उतरते. पुढच्या पावसाळ्यात ते वाहून जाणार हे सर्वांना माहीत असते. वाहून गेले तर कोणाचे शेत बुडत नाही. आणि या वर्षी पाणी कुठपर्यंत तुंबले हे बघून पक्का बंधारा कुठे हवा याचा अंदाज घेता येतो. ही खरी ज्युरी मास्ट आहे.

आता टँकर पाहा. घाटावरच्या चिखली, देऊळगाव राजा, मेहकर या भागांत पाऊस कमी पडला की टँकर येतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या गावांत, चांगला पाऊस पडला तरी जमिनीखालचे पाणी खारटच असते. तिथे टँकर, फिल्टरच्या पाण्याचे जार आणि गावातले आरओ यंत्र. या पट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. टँकर ही मुळात आपत्तीची सोय. पण प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी टंचाई कृती आराखडा तयार होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा. त्यात विहिरींचे अधिग्रहण, विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती, टँकर आणि चक्क ‘तात्पुरती पूरक नळयोजना’ असे शीर्षक असते. आराखडा करणारे कर्मचारी आपले काम नीट करतात. त्यांच्यामुळे गावांना पाणी मिळते. तरी हे नोंदवायला हवे की जिला वेळापत्रक आहे ती आपत्ती नव्हे. ती आपली नित्याची स्थिती आहे आणि तिला आपत्ती म्हटल्यामुळे कायमच्या उपायाची निकड दरवर्षी जून महिन्यात विरून जाते.

खारपाणपट्ट्याचे बंदर कुठे आहे हे माहीत नाही असेही नाही. सातपुड्यातून येणारे गोडे पाणी नळाने खाली आणणे, हाच तिथला टिकाऊ मार्ग. वान धरणातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी १४० गावांची योजना आखली गेली, ती याच विचाराने.

दुसरी कसोटी: भार

‘जुगाड इनोव्हेशन’ हे गाजलेले इंग्रजी पुस्तक २०१२ साली आले आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत जुगाड हा गौरवाचा शब्द झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर जुगाड नावाचेच वाहन होते. उत्तर भारतात डिझेल पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर चढवून केलेली ही गाडी. न्यायालयाने सांगितले की हे मोटार वाहनच आहे. नोंदणी, विमा आणि कायद्याच्या इतर अटी पाळल्याशिवाय ते रस्त्यावर येऊ शकत नाही. कारण स्पष्ट आहे. गाडी बनवणाऱ्याची बचत झाली ती ब्रेकमध्ये, दिव्यांत आणि विम्यात. त्या बचतीची किंमत धडक बसलेल्या तिऱ्हाइताच्या घरच्यांनी मोजायची. वर्गात शिकवताना हा तिऱ्हाईत हिशेबात नसतो. कोणत्याही कामचलाऊ सोयीकडे पाहताना म्हणून मी आधी विचारतो, वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला आणि वाढलेला धोका कोणाच्या अंगावर आला. दोन्ही उत्तरे एकाच माणसापाशी आली तर तो त्याचा अधिकार आहे. वेगवेगळ्या माणसांपाशी आली तर ती कल्पकता राहत नाही.

तिसरी कसोटी: नोंद

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. अंतराळवीर ज्या छोट्या चांद्रयानात आसऱ्याला गेले तिथे कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. त्यांच्याकडचे जादा फिल्टर चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी एवढ्या सामानातून जोड बनवून तिघांचे प्राण वाचवले गेले. जुगाडाचे गोडवे गाताना हा प्रसंग हमखास सांगतात आणि इथेच थांबतात. त्यानंतर जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. चौकशी समितीने शोधून काढले की टाकीतले थर्मोस्टॅटचे स्विच २८ व्होल्टसाठी होते आणि त्यांना ६५ व्होल्ट दिले गेले होते. पुढच्या यानात टाकीची रचना बदलली, तिसरी टाकी वेगळ्या जागी बसवली. चिकटपट्टीच्या जोडाने बंदर गाठून दिले, आणि बंदरात पोहोचल्यावर जहाज दुरुस्त झाले.

आपल्याकडे तुटतो तो हा दुसरा दुवा. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे घ्या. पावसाळा सरताना त्यांत लोखंडी बरगे टाकायचे आणि पुढचा पावसाळा येण्याआधी काढायचे, हा त्या रचनेचा प्राणच. बरगे गंजतात, चोरीला जातात, रबराची सीले झिजतात. मग शेतकरी माती, पोती, ताडपत्री लावून पाणी अडवतात. चांगले करतात. पण ती पोती का लावावी लागली, कोणता बरगा नेमका कुठे गळतो, पाणी कोणत्या तारखेला ओसरले, हे कुठल्या वहीत लिहिले जाते? लिहिले न गेल्याने पुढच्या वर्षी तीच गळती, तीच पोती. शेतकऱ्याने पदरचे श्रम घालून मिळवलेली माहिती त्याच्याच डोक्यात राहते आणि त्याच्याबरोबर संपते.

पुरातन वास्तूंच्या दुरुस्तीत हे शहाणपण कधीच नियम बनले आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार, हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वास्तूशी सुसंगत हवा आणि तरीही मूळ भागापासून वेगळा ओळखू यायला हवा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या वास्तूला हा न्याय लावायचा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या तडकलेल्या भिंतीवर मात्र गिलावा मारून, रंग देऊन तडा झाकायचा, हे कसे? ठिगळ दिसू द्यावे. दिसणारे ठिगळ हीच सर्वांत स्वस्त नोंद.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: ज्याच्या हातात पैसा नाही त्याने करायचे काय? पक्क्या दुरुस्तीची भाषा ही पोट भरलेल्यांची चैन आहे. या आक्षेपातली वेदना खरी आहे आणि म्हणूनच माझा रोख करणाऱ्यावर नाही. मोटर अडली असताना तारेने बांधून पीक वाचवणाऱ्याला मी एक शब्दही बोलणार नाही. माझा वाद कौतुक करणाऱ्याशी आहे. ज्याला त्या तारेच्या जवळ कधी उभे राहायचे नाही त्याने तिला प्रतिभा म्हणावे, यात गरिबाचा सन्मान नाही. ‘तुम्ही काय, कसेही भागवाल’ असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो, आणि या वाक्याच्या आधारावर मग निधी दुसरीकडे वळतो.

दुसरा आक्षेप: मोठे शोध जुगाडातूनच निघतात. अर्धे खरे. जयपूर फूट हा कृत्रिम पाय रामचंद्र शर्मा या कारागिराच्या आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून, हाताशी असलेल्या रबरातून घडला. पण तो तिथे थांबला असता तर एका शहरातली नवलकथा राहिला असता. पुन्हा पुन्हा चाचण्या, मापे, सुधारणा, इतर कारागिरांचे शिक्षण, यांमुळे तो देशोदेशी पोहोचला. सी. के. प्रल्हाद आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी २०१० साली कमी साधनांतून अधिक लोकांसाठी अधिक काही करण्याचा जो विचार मांडला, त्याचाही आधार शास्त्र आणि शिस्त हाच आहे. शेतातला सायकल डवरा ही उत्तम कल्पना आहे. तिला चाचणी, ठरावीक मापाची पास, दुरुस्तीचे सुटे भाग आणि पाठीवर ताण न येणारी मूठ मिळाली, तर ती अवजार होईल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: पक्क्या कामाची वाट पाहायची तर आयुष्य जाते. नांदुरा तालुक्यातला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकात मंजूर झाला. एक पिढी त्याची वाट पाहत मोठी झाली. शिवाय पक्के म्हणून झालेले रस्ते पहिल्या पावसात उखडतात. हे सगळे मान्य. म्हणून तर मी तात्पुरते नकोच असे म्हणत नाही. बंदर दूर आहे म्हणून काठी अधिक दिवस लागेल. पण दिशा बदलू नये आणि काठीलाच डोलकाठी म्हणू नये, एवढाच आग्रह आहे. उखडणाऱ्या रस्त्याबद्दल तर दुसरे हत्यार आधीच हातात आहे. सरकारी रस्त्यांच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. तिथे लोकवर्गणीने मुरूम टाकणे हा जुगाडही नव्हे. ते दुसऱ्याचे देणे आपण फेडणे आहे.

हरवलेली डागडुजी

तात्पुरता जुगाड आणि पक्के नवे काम या दोन टोकांच्या मधे मराठी माणसाच्या ओळखीची एक गोष्ट होती, डागडुजी. पावसाळ्याआधी घर शाकारणे, बांधाची फूट वेळेवर बुजवणे, विहिरीतला गाळ काढणे. ही मोडण्याआधीची दुरुस्ती. तिला संकट लागत नाही. जुगाड मोडल्यावर सुचतो, नवे बांधकाम उद्घाटनासाठी सुचते, आणि डागडुजीला ना व्हिडिओ मिळतो ना कोनशिला. २०१८ पासून बुलढाणा जिल्ह्यात तलाव आणि नाल्यांतला गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आणि खोलीकरणातून निघालेली माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गेली. गाळ काढणे म्हणजे निव्वळ डागडुजी. तिला रस्त्याच्या कामाशी जोडून दिल्यामुळे पैसा मिळाला, हे त्या पद्धतीचे खरे कौशल्य. मात्र गाळ पुन्हा साचतो. तो दर काही वर्षांनी काढायची तरतूद त्याच ठिकाणी, त्याच गावाच्या अंदाजपत्रकात आहे का, हे आता पाहायला हवे.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावच्या येत्या ग्रामसभेत टँकर, पूरक नळयोजना, पोत्यांचा बंधारा किंवा शाळेच्या भिंतीची दुरुस्ती मंजुरीला आली की ती अडवू नका; मंजूर करा. पण ठरावात तीन ओळी लिहून घ्या. ही सोय कोणत्या तारखेपर्यंत आहे, ती निकामी झाली तर भरपाई कोणी करायची, आणि हिच्या जागी कोणते पक्के काम कोणत्या कार्यालयाकडे मागितले आहे. ठरावाची प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तारीख उलटली की पुढच्या सभेत ती वाचून दाखवा.